किडनीचं साटंलोटं आणि मंद्रूपचा हुरडा

ज्या गावांचं रक्त मी बावीस वर्षं ओळखते, ती गावं मी कधी पाहिलीच नव्हती.

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या तळघरात आमची प्रयोगशाळा आहे. किडनी देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं जुळेल का, हे बघणं माझं काम. एकाच्या पेशी आणि दुसऱ्याच्या रक्तातलं पाणी एकत्र करायचं आणि भांडण होतंय का ते बघत बसायचं. भांडण झालं नाही, तर वरच्या मजल्यावरचे सर्जन पुढचं बघतात. बरा झालेला माणूस पेढे घेऊन येतो तोही वरच्या मजल्यावर. तळघरात पोचेपर्यंत खोक्यात नुसता कागद उरलेला असतो. याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती पुन्हा कधीतरी.

नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांत सोलापूर जिल्हा फार. मंद्रूप म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गाव यायचं नाही, जांभळ्या बुचाची नळी यायची. त्यामुळे यंदा हुरड्याच्या दिवसांत सोलापूरला जायचं ठरलं, तेव्हा माझ्या अंगात शाळेच्या सहलीचा उत्साह संचारला. चोपन्नाव्या वर्षी मी आदल्या दिवशीच दशम्या बांधून ठेवल्या. सहकारी म्हणाले, बाई, तिथं खायला मिळतं.

काम मात्र सहलीचं नव्हतं. बार्शीचा प्रशांत आणि सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागातले गायकवाड सर, दोघांच्याही किडन्या निकामी, दोघंही डायलिसिसवर. दोघांच्या बायका किडनी द्यायला तयार, पण रक्तगट आपापल्या नवऱ्याला चालत नाही. गंमत अशी, की बार्शीच्या अनिताचा सरांना चालतो आणि सरांच्या शोभाताईंचा प्रशांतला. संगणकावर हे दिसलं तेव्हा मी तळघरात एकटीनं टाळ्या वाजवल्या. अदलाबदल करायची, दोन्ही शस्त्रक्रिया एकाच वेळी, दोन्ही घरं सुटली. पण बार्शीहून होकार येत नव्हता. प्रशांतच्या आई, कौसल्याबाई, नको म्हणत होत्या. इकडे डायलिसिससाठी सरांच्या हातावर केलेली शीर दोनदा बंद पडली होती, म्हणजे त्यांच्याकडे फार वेळ नव्हता. कौसल्याबाईंना भेटून विचारायचं, एवढंच माझं काम.

जुळे सोलापूर

स्टेशनवर सुलभाताई स्कूटी घेऊन आल्या होत्या. प्रत्यारोपणाच्या रुग्णांची सगळी धावपळ सोलापुरात त्या बघतात. कागद, तारखा, रडारड, सगळं. फोनवर आमची दहा वर्षांची ओळख, समोरासमोर पहिलीच भेट. माझी बॅग पायाशी, पत्रकांचं खोकं माझ्या मांडीवर, अशी आमची वरात जुळे सोलापूरच्या कॉलन्यांमधून निघाली. ऊन असं खणखणीत की डिसेंबर आहे हे कॅलेंडर बघूनच पटावं. मी चिपळूणकडची. आमच्याकडे आभाळ नेहमी डोंगराला टेकलेलं असतं. इथं ते कुठं टेकतंय तेच दिसेना. मला हे भारी आवडलं.

पत्रकांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोळ त्यांनीच केला. ‘अदलाबदलीचं प्रत्यारोपण’ हा शब्द कुणाला कळत नाही, म्हणून सुलभाताईंनी एक नामी शब्द काढला होता आणि मी तो मोठ्या अक्षरांत छापून आणला होता: ‘किडनीचं साटंलोटं’. तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या घरात, ही लग्नाची रीत इकडे सगळ्यांना ठाऊक. आम्ही दोघी आमच्या हुशारीवर बेहद्द खूश होतो.

गायकवाड सर भूगोल शिकवतात. पत्रक हातात घेतल्याबरोबर त्यांनी लाल पेननं दोन चुका काढल्या. मग वहीच्या पानावर मला मंद्रूप, बार्शी, अक्कलकोट असा नकाशा काढून दिला, दिशा आणि प्रमाणासह. शोभाताईंनी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. ती भाकरी मोडताना पापडासारखा आवाज होतो आणि महिनाभर टिकते म्हणे. आमच्या तांदळाच्या भाकरीला तासाभरात घाम फुटतो. चटणीचा पहिला घास घेतला आणि माझ्या डोक्यात सवयीनं आकडेमोड सुरू झाली: पोटॅशियम, फॉस्फरस, मीठ. सर माझ्याकडे बघून हसले. “मला बंद आहे. तुम्ही माझ्या वाटणीची खा.”

निघताना सर म्हणाले, “बाई, त्यांच्यामागे घाई लावू नका. मोठा निर्णय आहे.”

शोभाताई फाटकापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “थोडी घाई करा.”

बार्शी

दुसऱ्या दिवशी एसटीनं बार्शी. स्टँडवर उतरताना खोक्याचा तळ फाटला आणि पत्रकं भर गर्दीत पसरली. लोकांनी मोठ्या प्रेमानं गोळा करून दिली. सगळी नाही दिली. दहाच मिनिटांनी आम्ही कोपऱ्यावर गरम भजी घेतली, ती ‘किडनीचं साटंलोटं’मध्ये बांधून मिळाली. सुलभाताई म्हणाल्या, “प्रचार झाला की.” मी भजी खाल्ली. तेल आणि मीठ दोन्ही जास्त, चव अप्रतिम.

धान्यबाजाराच्या मागं प्रशांतचं घर. तो डायलिसिसला गेलेला होता. कौसल्याबाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या, सत्तरीच्या, ताठ. सून अनिता चौकटीला टेकून उभी. आधी पाणी आणि गुळाचा खडा आला. मग सूप बाजूला ठेवून त्यांनी मला खालीवर बघितलं.

“तुमी त्या रक्ताच्या बाई?”

मी हो म्हणाले. या ओळखीनं मला फार बरं वाटलं.

सुलभाताईंनी पत्रक पुढं केलं. “मावशी, अवघड काही नाही. आपलं साटंलोटं असतं की, तसंच बघा.”

कौसल्याबाईंनी पत्रक वाचलं, घडी घातली आणि सुपाखाली सारलं.

“साटंलोटं मला नका सांगू,” त्या म्हणाल्या. “माझी धाकटी भन साटंलोट्यात दिल्याली. तिच्या बदली तिची नणंद आमच्या भावाला. भावाचं आन तिचं पटलं न्हाय, ती गेली निघून माहेरला. तिसऱ्या दिशी माझी भन आमच्या दारात उभी, कडंवर लेकरू. तिचं काय चुकलं हुतं? तिचा नवरा चांगला नांदवत हुता की. पर तिकडची गेली, म्हणून हिकडची धाडली. ती परत न्हाय गेली. पुढं मीच तिला हितं आणली, ह्याच घरात म्हातारी झाली.”

बाहेर टेम्पो पोती उतरवत होता.

“आता तुमी सांगा. हिची त्या सरास्नी बसली न्हाय, बिघडली, तर ती लोकं आमच्या दारात येऊन बसतील. आमची वाया गेली आन तुमची कशी चाललीया म्हणतील. माझ्या पशाला सुकानं जगू देतील?”

“कायद्यानं तसं काही करता येत नाही, मावशी,” मी म्हणाले.

“साटंलोट्याला कुटं कायदा हुता?”

अनिता सासूकडे बघत म्हणाली, “मी द्याया तयार हाय. पर आत्या म्हणतील तवाच.”

मला शरमल्यासारखं झालं. जो शब्द मी ठळक अक्षरांत छापून आणला, तो या घरात बहीण होऊन म्हातारा झाला होता. तरी सावरून म्हणाले, “मावशी, अशीच अदलाबदल केलेला एक माणूस सोलापुरात आहे, ठणठणीत आहे. चला, भेटवते तुम्हाला.”

“ज्याची टिकली त्याला बघून काय करू?” कौसल्याबाई म्हणाल्या. “ज्याची गेली त्याचं घर दावा.”

असं घर माझ्या नोंदवहीत एकच होतं. मंद्रूपचा मल्लिनाथ. आमच्या प्रयोगशाळेनं जुळवलेली पहिली अदलाबदल: मल्लिनाथच्या बायकोची, महादेवीची, किडनी सोलापुरातल्या अंबादासला, अंबादासच्या बायकोची, लक्ष्मीची, मल्लिनाथला. अंबादासची आजही उत्तम चालते. मल्लिनाथची टाळेबंदीच्या वर्षी बंद पडली, आणि त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: कारण, रुग्णाचा निष्काळजीपणा. गोळ्या नियमित घेतल्या नाहीत. असल्या घरी ह्या बाईंना नेणं म्हणजे हातानं पायावर धोंडा पाडून घेणं होतं. पण त्यांनी मागितलं होतं सरळ. मी मल्लिनाथला फोन लावला.

“आणा की,” तो म्हणाला. “हुरडा हाय. अंबादासलाबी बोलवतो.”

मंद्रूप

तिसऱ्या दिवशी कौसल्याबाई सकाळच्या एसटीनं एकट्या सोलापूरला आल्या, काखोटीला पिशवी. सुलभाताई, मी आणि त्या, तिघी वडापनं मंद्रूपला निघालो. वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. सीट भरल्यावर ती निघते असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात ती सीट भरल्यावर भरायला लागते. माझ्या मांडीवर एका बाईंची वांगी आली. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि उभी ज्वारी, मैलच्या मैल. मी मान बाहेर काढून बघत होते. कौसल्याबाई समोर बघत होत्या.

मल्लिनाथच्या मळ्यात आगटी पेटवलेली होती, म्हणजे जमिनीत खड्डा करून केलेले निखारे. महादेवी “बर्री, बर्री” करत पुढं आली. कानडीत या, या. अंबादास आणि लक्ष्मी आधीच पोचले होते. अंबादास सोलापूरच्या पूर्वभागात टॉवेलच्या कारखान्यात काम करतो. लक्ष्मीशी तेलुगूत बोलतो, मल्लिनाथशी मराठीत आणि मल्लिनाथच्या बैलांशी का कोण जाणे हिंदीत. दोघी बायका एकमेकींना अक्का म्हणतात. मोठी कोण, हे अजून ठरलेलं नाही, कारण मोठं व्हायला दोघी तयार नाहीत.

बावीस वर्षं नळ्या हलवून झाल्यावर ही चार माणसं एका चटईवर बसलेली मी बघितली आणि मला खरंच भरून आलं. अंबादासनं सदरा वर करून पोटावरचा व्रण दाखवला. “हितं महादेवी अक्का.” मी तिथं हात ठेवला. त्वचेखाली किडनी हाताला लागते. हजारो पेशी भिंगातून बघितलेली मी बाई, पण हाताखाली ती पहिल्यांदाच लागली. मला हात काढवेना.

कणसं आगटीतून निघाली. मल्लिनाथनं ती गरम गरम तळहातावर चोळून दाणे पाडले. गुळभेंडी ज्वारीचा गोड हुरडा, लसणाची चटणी, दही. मी किती खाल्ला ते लिहीत नाही. फक्त एक गोष्ट मला खटकली. तिखटानं नाकातून पाणी आलं तरी कुणी प्यायला पाणी देईना. सोलापुरात दोन दिवस प्रत्येक दारात आधी पाणी पुढं आलं होतं. कौसल्याबाईंनाही ठसका लागला. महादेवीनं त्यांना नुसतं डोळ्यांनी गोठ्याकडे खुणावलं. गोठ्याच्या मागं माठ होता. एकेकानं उठून जायचं, पिऊन यायचं. मल्लिनाथच्या शेजारी एक लहान स्टीलचा पेला होता, निम्मा भरलेला. डायलिसिसवरच्या माणसाला दिवसाचं पाणी मोजून. त्याच्यासमोर या घरात कुणी पाणी पीत नाही.

कौसल्याबाई माठाकडून परत आल्या त्या सरळ लक्ष्मीपुढे बसल्या.

“बाई, तुमी दिल्याली ह्यांच्यात वाया गेली. वाईट वाटलं न्हाय?”

“लई रडले,” लक्ष्मी म्हणाली.

“मग भांडाय आला न्हाईत?”

दोघी अक्का एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. महादेवी म्हणाली, “आली हुती की. पिशवी घिऊन आली, आठ दिस राह्यली. म्हणली, माझी दुसरी हाय अजून, तीबी घ्या.”

“डॉक्टरांनी हाकललं मला,” लक्ष्मी म्हणाली. ती रागानंच म्हणाली. “आता ह्यांचं डायलिसिस असलं की जेवायला आमच्याकडंच येतात. बिनमिठाचं करते. खातात बिचारे.”

“पर बिगडली कशानं?” कौसल्याबाईंनी विचारलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण बावीस वर्षांची सवय. नोंदवहीतलं वाक्य तोंडातून निसटलं. “गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत त्यांनी.”

अंबादासनं ताटली खाली ठेवली. “असं लिहिलंय तुमच्याकडं?”

मी मान हलवली.

“टाळेबंदीत आमची गल्ली पत्रे ठोकून बंद केली हुती,” तो म्हणाला. “दुकानात ह्या गोळ्या मिळेनात. माझ्याकडं तीन दिवसांच्या राहिल्या. मल्लूला फोन केला, नुसतं सांगायला. तो म्हणाला, माझ्याकडं डबल आहेत. दुधाच्या गाडीतून धाडल्या. महिनाभर.”

मी मल्लिनाथकडे वळले. “होत्या डबल?”

“न्हवत्या की,” मल्लिनाथ म्हणाला. “निम्म्या त्याला, निम्म्या मला.”

मला आधी रागच आला. मी त्या मळ्यात त्याला झाडला. निम्म्या गोळीनं काय होतं हे तुला डॉक्टरांनी किती वेळा सांगितलं होतं, एक फोन केला असतास तर आम्ही पोलिसांच्या गाडीतून औषध पोचवलं असतं, आणि रुग्णालयात विचारलं तेव्हा ‘विसरलो’ का म्हणालास? माझा आवाज चढला. बैलांनीसुद्धा माना वळवल्या.

“म्हणूनच न्हाय सांगितलं,” मल्लिनाथ म्हणाला. “तुमी लोकं लई रागावता. आन खरं सांगितलं असतं तर सगळे ह्यालाच बोलले असते.”

अंबादासला हे सगळं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तो अजूनही ते सांगताना कुणाकडे बघत नाही.

कौसल्याबाई मल्लिनाथकडे रोखून बघत होत्या. “सोताची वाचवायची सोडून त्याला दिल्यास?”

“मावशी, त्याच्यात माझी बायकू हाय की,” तो म्हणाला. “ती बंद पडली असती तर हिला काय तोंड दावलं असतं?”

महादेवी पटकन उठली आणि आगटीतल्या निखाऱ्यांवर उगाचच आणखी दोन कणसं टाकली. कुणालाच भूक नव्हती. मी गोठ्यामागं जाऊन दोन तांबे पाणी प्यायले आणि डोळ्यांवरही मारलं.

निघताना महादेवीनं आम्हा तिघींच्या ओट्या भरल्या. अंबादासनं मला कारखान्यातला टॉवेल दिला. मल्लिनाथचं नाव आता मरणोत्तर दानाच्या प्रतीक्षायादीत आहे. कुण्या अनोळखी घरानं दुःखात असताना हो म्हटलं, तर त्याला पुन्हा किडनी मिळेल. मी त्याला सांगितलं, ती मिळाली तर पहिली गोळी मी स्वतः तुझ्या घशात घालीन. “आन दुसरी?” त्यानं विचारलं. चटईवरची सगळी हसली.

परतीच्या वडापमध्ये या वेळी कौसल्याबाई बाहेरच्या ज्वारीकडे बघत होत्या. हत्तूर गावाच्या पुढं आल्यावर म्हणाल्या, “अनिताला सोमवारी रक्त द्याया धाडते.”

मी आणि सुलभाताईंनी एकमेकींचे हात इतके घट्ट धरले की मांडीवरची कुणाची तरी कोथिंबीर चुरगळली.

“पर तो कागूद बदला,” त्या म्हणाल्या. “साटंलोटं काढा त्यातनं.”

“काय लिहू मग?”

“ते तुमी शिकल्याली माणसं बघा. साटंलोट्यात पोरगी परत येती. हितं तसं न्हाय.”

तळघर

पुण्याला आल्यावर आधी नोंदवही काढली. मल्लिनाथपुढच्या ‘निष्काळजीपणा’वर रेघ मारली आणि लिहिलं, ‘टाळेबंदीत गोळ्या वाटून घेतल्या.’ रकाना लहान होता, समासात गेले. नव्या पत्रकावर सरळ ‘दोन घरांची अदलाबदल’ असं लिहिलं आणि खाली एक ओळ वाढवली: गोळ्या संपत आल्या तर आम्हाला फोन करा, कुणाकडून घेऊ नका, कुणाला देऊ नका, आम्ही रागावणार नाही. शेवटचं कितपत खरं आहे, माहीत नाही. छापण्याआधी पत्रक गायकवाड सरांना पाठवलं. त्यांना एकच चूक सापडली.

पुढच्या आठवड्यात सोलापूरहून डबा आला. चार नळ्या, जांभळी बुचं, बर्फात बसवलेल्या. प्रशांत, अनिता, सर, शोभाताई. डब्यावर कापडात बांधलेली एक पुडी होती, बार्शीची शेंगांची चटणी. चिठ्ठीवर लिहिलेलं, रक्ताच्या बाईंस. बावीस वर्षांत तळघरात थेट आलेला हा पहिला पेढा. मी हातमोजे चढवले. या वेळी प्रत्येक नळीला तोंड होतं, आवाज होता, त्यामुळे पेशी आणि रक्ताचं पाणी मिसळण्याआधी मी प्रत्येक नळीवरचं नाव दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून बसले आणि भांडण होतंय का ते बघत राहिले.

दुपारी बार्शीला फोन लावला. अनितानं उचलला आणि लगेच सासूकडे दिला.

“मावशी, निकाल आलाय,” मी म्हणाले. “प्रशांतचं...”

“थांबा,” कौसल्याबाई म्हणाल्या. “आदी सरांचं सांगा.”